सीए ऑफिससाठी रिमोट सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? (टॅली + डीएससी म्हणजे डिजिटल सही, बाहेरून तीन माणसं)

कृष्णाकाठचा_हिशेबी

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबडी होणारे, आधीच सांगतो.

मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात अकौंटंट आहे, पण वायफाय बंद पडलं, प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाक मलाच असते, त्यामुळं हे पण माझ्याच गळ्यात आलंय. ऑफिसात सहा पीसी. त्यातला कोपऱ्यातला एक 'सर्व्हर' म्हणजे साधाच पीसी, त्यावर टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, लायसन्स गोल्डचं, म्हणजे अनेकांनी एकदम वापरायचं आहे, बाकीचे पाच लॅनवरून (ऑफिसातल्या नेटवर्कवरून) त्याला जोडलेले. आता झालंय असं की आमच्यातल्या एक मॅडम लग्न होऊन पुण्याला गेल्या आणि सरांना त्यांना सोडायचं नाही, कारण बेदाणा आणि हळदीच्या अडत्यांची सगळी खाती त्यांना तोंडपाठ, तर त्यांना घरून काम द्यायचं ठरलंय. सरांना रात्री जेवल्यावर घरून बघायचं असतंय. आणि मला जीएसटी रिटर्नची ११ तारीख, २० तारीख जवळ आली की रविवारचं ऑफिसला यायला लागू नये एवढीच माफक अपेक्षा. म्हणजे तीन माणसं झाली. शिवाय तासगाव, मिरज, जयसिंगपूरच्या क्लायंटचं ई-वे बिल अडलं की त्यांची स्क्रीन बघून सांगायला लागतंय, ते वेगळंच.

आत्तापर्यंत एक फुकटवालं वापरत होतो, नाव नाही घेत. दोन महिने झक्कास चाललं, मग कमर्शियल वापर दिसतोय म्हणून मेसेज यायला लागला आणि दर थोड्या वेळानं कनेक्शन कट. तसं बघायला गेलं तर चूक आमचीच, फुकटचं घरगुती वापरापुरतं असतंय हे कुणी वाचलंच नव्हतं. सर म्हणतात दुसरं फुकट बघ. हार्डवेअरवाला म्हणतो काही विकत घेऊ नका, विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप आयताच आहे, राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचा रस्ता) उघडून देतो, पाचशे रुपये द्या.

नेटवर शोधलं तर नुसत्या 'टॉप १०' याद्या, प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळा आणि तो बहुतेक वेळा यादी लिहिणाऱ्या कंपनीचाच असतोय. कोणी खरंच वापरणारं असेल तर सांगा की.

वायरवाला_भाऊ

भाऊ, पहिले त्या पाचशे रुपयेवाल्याले थांबवा. सॉफ्टवेअर मंग पाहू.

विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी, तो चालतो पोर्ट ३३८९ वर. हा पोर्ट राउटरवर उघडा केला की जगभरातले बॉट दिवसरात्र त्याच्यावर पासवर्ड मारून पाहतात, तुमचं ऑफिस सांगलीत आहे का शिकागोत त्याचं त्यांना काही घेणंदेणं नाही. मी नागपुरात नेटवर्किंगचंच काम करतो. एका धान्याच्या व्यापाऱ्याचा सकाळी सात वाजता फोन, टॅली उघडूनच नाही राहिली. जाऊन पाहतो तर साऱ्या फाइलींची नावं बदललेली आणि डेस्कटॉपवर पैसे मागायची चिठ्ठी. पोर्ट उघडा, युजरचं नाव टॅली, पासवर्ड टॅली१२३. बॅकअप होता म्हणे, पण तो त्याच पीसीच्या डी ड्राइव्हमध्ये, तो बी लॉक. दोन वर्षांची बिलं कागदावरून पुन्हा चढवली त्या माणसानं.

काही जण पोर्ट ३३८९ चा ३३९० करून देतात आणि आता सेफ आहे म्हणतात. काही सेफबिफ नाही, स्कॅन करणारा सगळेच पोर्ट पाहतो. आणि पासवर्ड कितीही अवघड ठेवा, मे २०१९ मध्ये आरडीपीत ब्लूकीप नावाची भानगड, म्हणजे सुरक्षेतली चूक, निघाली होती तिच्यात पासवर्ड लागतच नव्हता, मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला तेव्हा, ज्या एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच बंद झालता. यावरून समजा किती गंभीर होतं ते.

आता दोन गोष्टी सांगा. विंडोज होम आहे का प्रो? आणि इंटरनेट कोणतं? बऱ्याच फायबर कनेक्शनला आजकाल स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, भेटतच नाही, सीजीनॅटच्या मागं असते, म्हणजे एकच पत्ता अनेक गिऱ्हाईकांत वाटलेला, मंग तो तुमचा माणूस पोर्ट उघडणार तरी कुठून?

फुकट_ते_पौष्टिक

इतकं काय डोकं लावताय, क्रोम रिमोट डेस्कटॉप टाका, विषय संपला. गुगल अकाउंट, सहा आकडी पिन, बास. मी माझ्या दुकानाचा पीसी तीन वर्षं घरून असाच बघतोय, एक रुपया दिलेला नाही.

कोथरूड_टू_हिंजवडी

@फुकट_ते_पौष्टिक एकट्या माणसाला बेस्ट आहे ते, मीही आईच्या लॅपटॉपला तेच टाकलंय. पण ऑफिसला अडचण अशी की कायमचा ॲक्सेस ज्या गुगल अकाउंटवर सेट केला त्याच अकाउंटला मिळतो. मग होतं काय, सगळे सरांचाच जीमेल वापरायला लागतात, पासवर्ड व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि उद्या एखादा नोकरी सोडून गेला की सरांचे मेल, ड्राइव्ह, फोटो सगळंच त्याच्या हातात. कोण कधी आत आलं तेही कळत नाही, कारण कागदोपत्री सगळे सरच.

पैसे देऊन घ्यायचं असेल तर आधी एवढंच बघा की कंपनी पैसे कशाचे मोजते. इथंच लोक फसतात. कोणी माणसामागे घेतं, कोणी एका वेळी किती कनेक्शन चालू आहेत त्यावर, कोणी ज्या पीसीला जोडायचं त्या पीसीमागे, आणि टीमव्ह्यूअर, एनीडेस्कसारख्यांच्या प्लॅनमध्ये यातल्या दोनतीन अटी एकदम असतात. झोहो असिस्टमध्ये समोरच्याला मदत करायचा रिमोट सपोर्ट माणसामागे आणि आपल्याच पीसीला कायमचं जोडायचं ते पीसीमागे. स्प्लॅशटॉपमध्ये तर ही दोन सरळ वेगळी प्रॉडक्टच आहेत. तुमचं काम मुळात दोन प्रकारचं आहे हे लक्षात घ्या, स्टाफनं ऑफिसच्या पीसीत जाणं वेगळं आणि तासगावच्या क्लायंटचा स्क्रीन बघणं वेगळं. दोन्ही एकाच पॅकेजात बसवायला गेलात की जास्तीचे पैसे जातात. कोटेशन डॉलरमध्ये आहे का, वर जीएसटी किती, आणि दुसऱ्या वर्षीचा रेट काय हे लेखी घ्या, पहिल्या वर्षीची सूट दुसऱ्या वर्षी गायब होते.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर रस्टडेस्क. ओपन सोर्स आहे, स्वतःचा सर्व्हर उभा करता येतो, एक महिन्याभाड्याचं छोटं क्लाउड मशीन घ्यायचं, त्यावर आयडी सर्व्हर आणि रिले (कनेक्शन पुढं पाठवणारा) टाकायचा, तुमचा डेटा दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरून जातच नाही. मोठ्या नावांचं पण काय झालं बघा ना, फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कनं स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या प्रॉडक्शन सिस्टिममध्ये घुसखोरी झाली, सर्टिफिकेटं रद्द करून नवीन काढावी लागली, पोर्टलचे पासवर्ड बदलायला लावले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या ऑफिस नेटवर्कमध्ये घुसखोरी, अर्थात त्यांनी सांगितलं की ग्राहकांचा डेटा आणि प्रॉडक्ट वेगळं होतं, तिथपर्यंत काही पोचलं नाही.

वायरवाला_भाऊ

@कोथरूड_टू_हिंजवडी दादा, रस्टडेस्क चांगलं आहे, मी बी दोन ठिकाणी लावलं. पण सांगलीतल्या सीएच्या ऑफिसात तो क्लाउडवाला सर्व्हर अपडेट कोण करणार? हा गरीब अकौंटंट? तुम्ही पुण्यात बसून करून देणार आहे का? ज्या घुसखोऱ्या तुम्ही सांगितल्या त्या कंपनीकडं निस्तरायले माणसं तरी होती. इथं २० तारखेच्या रात्री सर्व्हर बसला तर हिशेबी भाऊ फोन कोणाले लावणार?

कोथरूड_टू_हिंजवडी

हाहा, मान्य. हा मुद्दा बरोबर आहे.

कृष्णाकाठचा_हिशेबी

बापरे, इतकी उत्तरं. हार्डवेअरवाल्याला नको म्हणून फोन करून झाला, जरा रागावलाय.

@वायरवाला_भाऊ सगळे विंडोज १० होम आहेत, फक्त सरांचा लॅपटॉप ११ प्रो. इंटरनेट फायबरचं, पब्लिक आयपी नाही, विचारलं तर स्टॅटिक आयपीचे जादा पैसे पडतील म्हणाले.

आणखी एक शंका. तिघं एकदम त्या सर्व्हरवाल्या पीसीत शिरलो तर तिघांना वेगवेगळी टॅली उघडता येईल ना?

वायरवाला_भाऊ

नाही येणार. साध्या विंडोजमध्ये, प्रो असली तरी, एका वेळी एकच माणूस. दुसरा आला की पहिला बाहेर. होममध्ये तर आरडीपीनं आत येताच येत नाही, होमवरून फक्त दुसरीकडं जाता येते. काही जण एक जुगाडू फाइल टाकून अनेक सेशन चालू करून देतात, ते लायसन्सच्या बाहेरचं काम आहे आणि विंडोज अपडेट आला की बंद पडते. कायदेशीर रस्ता म्हणजे विंडोज सर्व्हर, वर प्रत्येकाचं रिमोटचं लायसन्स, ज्याले कॅल म्हणतात. तिघांसाठी एवढा खर्च मी तरी करायले नाही सांगणार.

पण तुमच्याकडं सहा पीसी आहेत ना राजेहो! त्या पुण्याच्या ताईंचा जुना पीसी तिथंच आहे का? मंग ताईंनी त्यांच्या पीसीले जोडावं, तुम्ही तुमच्या, सरांनी सरांच्या. सर्व्हरले कोणीच हात लावायचा नाही, टॅली गोल्ड लॅनवर आधीसारखीच चालते. फक्त स्क्रीन पुण्यात दिसते, डेटा सांगलीतच राहते.

एक चूक करू नका, व्हीपीएन (इंटरनेटवरून खाजगी जोडणी) टाकून टॅलीचा डेटाचा फोल्डर डायरेक्ट पुण्याच्या लॅपटॉपवर मॅप करायचा, ते नाही. एक व्हाउचर सेव्ह व्हायले चहा पिऊन या, आणि मधात नेट गेलं तर डेटा खराब व्हायची भीती वेगळी.

आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. ते बी डोक्यात ठेवा, बाहेरून आत यायचं दार जुन्या भिंतीत नका बसवू.

टॅलीताई

सगळं वाचलं, छान चर्चा चाललीये, पण डीएससीचं कुणी बोललंच नाही. शीर्षकात लिहिलंय हिशेबी दादांनी आणि मग तेच विसरले 😄

मी डोंबिवलीला अकाउंट्सचीच प्रॅक्टिस करते आणि आम्ही या एका गोष्टीपायी एक अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे, एका प्रायव्हेट लिमिटेड क्लायंटचं रिटर्न, शेवटची तारीख, टोकन (डीएससी ज्यात असते ती यूएसबी) ऑफिसच्या पीसीला लावलेलं, हिरवा दिवा लुकलुकतोय असं शिपाई फोनवर सांगतोय, मी घरून आरडीपीनं आत, आणि पोर्टल म्हणतंय सर्टिफिकेट सापडत नाही. ड्रायव्हर परत टाकला, एमसायनर (पोर्टलवर सही करायचं सॉफ्टवेअर) परत टाकला, ब्राउझर बदलला. शेवटी कळलं की आरडीपीमधून आत गेलं की विंडोज त्या ऑफिसच्या पीसीला लावलेलं टोकन दाखवतच नाही! ते बघतं तुम्ही जिथं बसलाय तिथल्या लॅपटॉपला लावलेलं टोकन. म्हणजे टोकन तुमच्यासोबत घरी पाहिजे, कनेक्ट करायच्या आधी लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्डला टिक पाहिजे आणि टोकनचा ड्रायव्हर ऑफिसच्या पीसीतही टाकलेला पाहिजे, मग चालतं.

याउलट एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, झोहो असिस्ट, ही ऑफिसचा जो स्क्रीन आहे तोच जसाच्या तसा दाखवतात, जणू तुम्ही त्या खुर्चीतच बसलाय, त्यामुळं तिथं लावलेलं टोकन तिथं दिसतं. माझ्या मते तुमची निवड रेट बघून नाही, यावरूनच ठरणार आहे. कोणाला बाहेरून सही करायची गरज आहे ते आधी मोजा. प्रोप्रायटर लोकांचं जीएसटी ओटीपीवर होतं, डीएससी सक्तीची कंपन्या आणि एलएलपीला, म्हणजे बहुतेक फक्त सरांनाच लागेल.

आता जरा कडक बोलते, राग मानू नका. बऱ्याच ऑफिसांत असतो तसा तुमच्याकडेही एक डबा असेल, क्लायंटच्या सगळ्या डीएससींचा, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर पिन. बरोबर ना? त्यातलं एक टोकन चोवीस तास पीसीला लावून ठेवायचं आणि त्याच पीसीला बाहेरून केव्हाही आत येता येईल असं करायचं, म्हणजे जो कोणी आत शिरेल तो त्या डायरेक्टरची सही करू शकतो. आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४२ मध्ये सरळ लिहिलंय की प्रायव्हेट कीवर (डीएससीतल्या गुप्त किल्लीवर) ताबा ठेवायची काळजी ज्याची सही आहे त्यानं घ्यायची. आपण 'सोय' म्हणून ठेवतो, उद्या काही झालं तर सोय कोण बघणार?

टॅलीचं स्वतःचं रिमोट पण आहे बरं का, टीएसएस, म्हणजे टॅलीचं सबस्क्रिप्शन, चालू असेल तर बाहेरून टॅलीत शिरता येतं, ऑफिसात कंपनी उघडी आणि कनेक्ट केलेली ठेवावी लागते. नुसतं लेजर बघायला बरं आहे. पण तुम्हाला एक्सेल, पोर्टल, स्कॅन केलेली बिलं सगळंच लागणार, त्यामुळं तेवढ्यावर भागणार नाही.

कृष्णाकाठचा_हिशेबी

@टॅलीताई डबा आहे 🙏 चिकटपट्टी पण आहे. सरांना तुमचा मेसेज तसाच वाचून दाखवला, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले चिकटपट्ट्या काढ आज.

ताई, क्लायंटच्या पीसीचं काय करता तुम्ही? आमचा एक अडत्या एनीडेस्कचं नाव काढलं की फोनच ठेवतो, बँकेनं सांगितलंय म्हणतो.

टॅलीताई

त्यांचं चुकत नाही हो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना एनीडेस्कच्या नावानं सावध केलं होतं, भामटे लोकांना ॲप टाकायला लावून मोबाइलमधून यूपीआयनं पैसे काढायचे. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता तो, चाकूसारखं आहे, पण नाव बदनाम झालं ते झालं.

आम्ही क्लायंटकडे कायमचं काही टाकतच नाही. एकदाचा कोड किंवा लिंक पाठवायची, काम झालं की सेशन बंद, त्यांच्याकडे काही उरत नाही. आणि सगळ्यांना सांगून ठेवलंय, आम्ही स्वतःहून फोन करून कधीच ॲप टाकायला सांगणार नाही, अडल्यावर तुम्हीच ऑफिसच्या नंबरवर फोन करायचा. स्क्रीन बघताना त्यांनी बँकेची साइट उघडली तर आधी बंद करायला लावते, मला बघायचंच नाही ते.

वायरवाला_भाऊ

थोडं बारीकसारीक सांगून टाकतो, हे कोणी सांगत नाही आणि पहिल्याच आठवड्यात अडते.

पीसीची स्लीप बंद करा. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लाइट गेल्यावर परत आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग असते ते लावा, नाहीतर महावितरणनं दुपारी झटका दिला की ताई पुण्यात बसून राहतील आणि कोणीतरी बटण दाबायले पाहिजे. राउटरले बी यूपीएस द्या, लोक पीसीले देतात आणि राउटर विसरतात. सॉफ्टवेअर नुसतं चालवू नका, पूर्ण इन्स्टॉल करा, नाहीतर विंडोजनं परवानगीची खिडकी टाकली की बाहेरून ती दाबताच येत नाही. मॉनिटर काढून ठेवला असेल तर स्क्रीन बारीक दिसते, त्याले एचडीएमआयचा डमी प्लग भेटते, स्वस्त आहे. आणि एनीडेस्क टाइपच्या सॉफ्टवेअरमध्ये सर घरून जे करतील ते ऑफिसच्या मॉनिटरवर साऱ्यांले दिसते, प्रायव्हसी मोड चालू करा. पगारपत्रक उघडाल कधीतरी.

दोन टप्प्याचं लॉगिन पाहिजेच. कोण कधी आलं त्याचा लॉग सहा महिने तरी ठेवा, सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, एप्रिल २०२२ चा आदेश १८० दिवसांचा आहे.

आणि रिमोट म्हणजे बॅकअप नाही हो.

कृष्णाकाठचा_हिशेबी

हे शेवटचं आम्हाला सांगायची गरज नाही भाऊ 😅 २०१९ च्या पुरात ऑफिस तळमजल्यावर होतं. तेव्हापासून सर्व्हर वरच्या मजल्यावर आणि एक हार्डडिस्क सरांच्या घरी, दर शनिवारी बदलतोय.

तर ठरवलंय ते सांगतो, चुकत असलो तर बोला. पुण्याच्या मॅडमचा आणि माझा पीसी विंडोज ११ प्रो करायचा, दोन्ही मशीन नवीन आहेत, चालेल म्हणतोय. आम्हा दोघांना सही करायची नसते, त्यामुळं टेलस्केल (एक व्हीपीएन) टाकून त्यातून आरडीपी, राउटरवर एकही पोर्ट उघडायचा नाही. सरांसाठी आणि क्लायंट सपोर्टसाठी झोहो असिस्टचं बघतोय, एक माणूस आणि एक पीसी एवढंच. ट्रायल मुद्दाम १५ तारखेनंतर सुरू करणार म्हणजे २० च्या गर्दीत खरं कळेल. डीएससी लावून ठेवायची नाही, सरांनी फोन केला की ऑफिसात जो असेल तो लावेल, सही झाली की परत कपाटात. सरांची स्वतःची त्यांच्याच खिशात.

वायरवाला_भाऊ

बेस्ट. फक्त टेलस्केलचा ऑफिसवापराचा प्लॅन नीट वाचा, फुकट प्लॅन कोणासाठी आहे ते. एकदा फसले ना तुम्ही.

कृष्णाकाठचा_हिशेबी

वाचला, पेडच घेतोय, सरांनी तोंड वाकडं करून हो म्हटलंय.

---

कृष्णाकाठचा_हिशेबी (तीन आठवड्यांनी)

अपडेट. २० तारीख गेली, मी रविवारी घरी होतो. मॅडमचं पुण्यातून व्यवस्थित चाललंय. एकदा सर रात्री अकरा वाजता सही करायला बसले आणि टोकन कपाटात कुलूपबंद, ऑफिसात कोणी नाही. बराच वेळ बोलले मला. सकाळी केलं, तारीख हातात होती म्हणून बरं.

आता एकच भानगड राहिलीय, मॅडमनी पुण्यातून प्रिंट मारली की ती इथं ऑफिसात निघतेय आणि शिपाई ती घेऊन सगळ्यांना विचारत फिरतोय हे कुणाचं म्हणून.

टॅलीताई

त्यांच्या लॅपटॉपवर कनेक्ट करायच्या आधी लोकल रिसोर्सेसमध्ये प्रिंटरला टिक करा, मग टॅलीत त्यांचा घरचा प्रिंटर निवडायचा, ऑफिसवाला नाही.

कृष्णाकाठचा_हिशेबी

झालं ताई. शिपाई खूश.